दोऱ्याने शिवलेली पानं

तांबटांचं एक गाव होतं. दिवसभर घराघरांतून भांडी ठोकल्याचा आवाज यायचा. एवढ्या ठकठकाटातही त्या गावाला वाचायचं वेड होतं, आणि ते लावलं होतं अण्णांनी. अण्णा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मोरेश्वर गुरुजी. चावडीशेजारच्या खोलीत त्यांनी वाचनालय मांडलं होतं. दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती, 'इथे फक्त खरं मिळेल.'

म्हणजे तिथे राजाराणीच्या गोष्टी नव्हत्या की भुतंखेतं नव्हती. कोणी मागितल्याच तर अण्णा म्हणायचे, "गोष्टी सांगायला घरोघरी आज्या आहेत. माझ्याकडे पाऊस का पडतो ते विचारा. मुंग्या काय खातात ते विचारा."

आणि पुस्तक निवडावं तर अण्णांनीच! वर्षातून एकदा ते शहरात जायचे आणि दुकानदाराला नको नको करून सोडायचे. रांगत्या पोरांसाठी कापडी पुस्तक घेताना आधी त्याचे कोपरे गालाला लावून बघायचे, टोचत नाहीत ना म्हणून. मग ओला रुमाल चित्रावर घासायचे. पोर ते चोखणार, रंग पोटात जायला नको. एका पानावर एकच चित्र हवं, आणि तेही खरं. "ही गाय निळी कशी?" म्हणून एकदा त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं होतं. "आणि कावळ्याची चोच पिवळी? कुठल्या गावचा हो हा कावळा?" नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी ते ठसठशीत अक्षर बघायचे. 'का?' असं विचारलं तर पुस्तक उत्तर देतंय की नुसतं दटावतंय, तेही बघायचे. मोठ्यांचं पुस्तक मात्र मागून उघडायचे. लिहिणाऱ्याने माहिती कुठून आणली ते शेवटी सांगितलेलं नसलं, की पुस्तक परत फळीवर.

वाचनालयाच्या कपाटाला तीन कप्पे होते. खालचा दुडदुडणाऱ्या पोरांचा, मधला शाळकरी मुलांचा, वरचा मोठ्या माणसांचा. ज्याचा हात जिथे पोचेल तिथलं पुस्तक त्याचं, असा अण्णांचा नियम होता. चांगला नियम होता. माणूसही चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

अण्णांच्या टेबलाच्या खणात सुई आणि पांढरा दोरा असायचा.

झालं असं होतं, की एकदा एका मुलाने जंगलाच्या पुस्तकात वाघाने हरीण धरल्याचं चित्र पाहिलं आणि तो घरी जाऊन जेवेना. त्याची आई तरातरा वाचनालयात आली. "अण्णा, पोराला काय दाखवता हो हे?" अण्णा वरमले. त्या संध्याकाळी त्यांनी ते पान पुढच्या पानाला कडेने टाचून टाकलं. बारीक, नीट टाके. पुस्तक उघडलं तरी ते पान उघडायचं नाही. मग दुष्काळाचं पान शिवलं. मग लढाईचं. मग म्हातारा हत्ती कळप सोडून मरायला जातो ते. असं करता करता खालच्या आणि मधल्या कप्प्यातलं एकही पुस्तक टाक्यावाचून राहिलं नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "अण्णांना लेकरांची किती काळजी!" ते ऐकून अण्णांना बरं वाटायचं. आता सांगा, असं कौतुक व्हायला लागल्यावर सुई कोण खाली ठेवील?

त्याच गावात रखमाजी तांबट राहायचा. त्याची बायको सगुणा, आठ वर्षांची लेक वेणू आणि अंगावर पिणारा नामू. वेणू ही अण्णांची लाडकी वाचक. मधला कप्पा तिने जवळजवळ संपवत आणला होता. शाळा सुटली की ही दप्तरासकट वाचनालयात.

त्या वर्षी सगुणा आजारी पडली. पोटात गाठ होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि रखमाजीला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं. रखमाजीला त्यातलं निम्मं कळलंच नाही. तो अण्णांकडे आला. अण्णांनी वरच्या कप्प्यातलं त्या आजाराचं पुस्तक काढलं, त्याच्याशेजारी बसले, अवघड शब्द सोपे करून सगळं वाचून दाखवलं. मोठ्यांच्या पुस्तकाला टाके नव्हते. रखमाजीला कळायचं ते कळलं. त्याच्या घरातली ठकठक त्या दिवसापासून थांबली.

"अण्णा, सगुणा म्हणतेय, वेणूला मी सांगते. माझ्या तोंडाने सांगते," रखमाजी म्हणाला. "सांगू देऊ का हो?"

"छे छे! भलतंच काय!" अण्णा म्हणाले. "आठ वर्षांची पोर ती. तिला काय पेलणार? मी इतकी वर्षं मुलांत काढलीत रे. काही सांगायचं नाही."

रखमाजी अडाणी नव्हता, पण गावात अण्णांच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नसायचा. त्याने घरी जाऊन बायकोला तसंच सांगितलं. सगुणा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पण मुलांना का काही कळत नसतं? घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, बाबा भांडी ठोकत नाहीत, मावशी येऊन नामूला वरचं दूध पाजतेय. वेणूला सगळं दिसत होतं. कोणी सांगेना, तेव्हा ती खरं जिथे मिळतं तिथे गेली.

"अण्णा, शरीराचं पुस्तक द्या."

अण्णांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तक दिलं. एका डॉक्टर बाईंनी लहान मुलांसाठी लिहिलेलं ते पुस्तक होतं. वेणू कोपऱ्यात बसून वाचू लागली. खरचटलं की त्यावर खपली धरते आणि खाली नवी कातडी येते. हाड मोडलं तर नीट बांधल्यावर सांधतं. ताप येतो तो शरीर लढत असतं म्हणून येतो. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला. शेवटाकडे एक पान उघडेना. नखाने पाहिलं, तर कडेला पांढरा दोरा. असा दोरा तिने आधीही पुस्तकांत पाहिला होता, पण विचारावंसं आजच वाटलं.

"अण्णा, या पानांत काय आहे?"

अण्णा दुसऱ्याच कुठल्याशा पुस्तकाचा पुठ्ठा खळीने चिकटवत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "काही नाही गं. छापताना चुकलंय ते."

इथे फक्त खरं मिळेल, अशी पाटी होती ना दारावर? पोरीने विश्वास ठेवला. का ठेवू नये?

ती उड्या मारत घरी गेली आणि आईच्या उशाशी बसून म्हणाली, "आई, मी वाचलंय. शरीर आपलं आपलं बरं होतं. तू पण होणार." सगुणाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दारात रखमाजी उभा होता. त्याने नुसती मान हलवली, नको म्हणून. सगुणाने वेणूच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "तेल लाव गं केसांना. किती रखरखीत झालेत."

थोड्याच दिवसांत सगुणाने अन्न सोडलं. मावशीच्या गावची जत्रा आली होती. अण्णाच म्हणाले, "पोरीला जत्रेला धाडून द्या. तिने हे बघायला नको." मावशीने तिला आपल्या नवऱ्याबरोबर बैलगाडीत बसवलं. वेणू खुशीत गेली. तिला वाटलं, आई बरी होतेय म्हणूनच तर आपल्याला सोडतायत!

जत्रेत तिने पाळण्यात बसायचे पैसे वाचवले आणि कासाराकडे जाऊन हिरव्या बांगड्या मागितल्या. कासार म्हणाला, "कोणासाठी गं बाय? माप काय?"

"आईसाठी. तिचे हात आता बारीक झालेत. जुन्या बांगड्या गळून पडतात."

"मग लहान माप देऊ?"

"नको, मोठंच द्या," वेणू म्हणाली. "ती बरी होणार आहे. हात भरतील तिचे."

इकडे सगुणा शेवटचे श्वास मोजत होती. घरात माणसं जमली होती. अण्णाही उशाशी बसले होते. मधेच तिने डोळे उघडले आणि विचारलं, "वेणू आली?"

रखमाजी म्हणाला, "येतेय हं. येतेय."

पुन्हा थोड्या वेळाने, "आली?"

अण्णा तिथून उठून ओसरीवर गेले. तिने आणखी एकदा विचारलं, ते त्यांना बाहेर ऐकू आलं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. सवाष्ण म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, शेजारणीने आपल्या घरच्या हिरव्या बांगड्या भरल्या. बांगड्या मोठ्या होत होत्या, म्हणून दोऱ्याने बांधाव्या लागल्या.

वेणू परत आली तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगण सारवलेलं होतं. कोपऱ्यात दिवा लावलेला होता. ती कागदात गुंडाळलेल्या बांगड्या घेऊन आत धावली. अंथरूण नव्हतं. तिने मागचं दार पाहिलं, माजघर पाहिलं. मग ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"आई कुठेय?"

कोणी म्हणालं देवाघरी गेली. कोणी म्हणालं चांदणी झाली. रखमाजीला मात्र पुढे खोटं बोलवेना. तो म्हणाला, "वेणू, आई मेली गं," आणि मोठ्याने रडू लागला. वेणू रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्या बांगड्या राहिल्या."

दिवस झाले. तेरावं झालं. एका दुपारी वेणू वाचनालयात आली. अण्णा उठून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सरळ मधल्या कप्प्यातलं शरीराचं पुस्तक काढलं, जमिनीवर बसली आणि झग्यात खोचून आणलेल्या बाभळीच्या काट्याने एकेक टाका उसवू लागली. अण्णा "वेणू, अगं" म्हणाले, पण तिचा काटा थांबला नाही.

शेवटचा टाका तुटला. पान उघडलं. वेणू मोठ्याने वाचू लागली. शाळेत धडा वाचतात ना, तशी, बोट फिरवत.

"काही आजार बरे होत नाहीत. खूप औषधं देऊनही होत नाहीत. यात कोणाची चूक नसते. तुझं माणूस असं आजारी असेल, तर त्याच्याजवळ बस. त्याचा हात हातात घे. तुला रडू आलं तर रड. त्याला काय सांगायचं असेल, ते आजच सांग."

पान संपलं. खाली एक चित्र होतं. खाटेवर एक म्हातारी निजली होती आणि तिचा हात धरून एक मुलगा बसला होता.

"हे तर नीट छापलंय, अण्णा," वेणू म्हणाली. "कुठे चुकलंय?"

तिने पान त्यांच्यापुढे धरलं.

"एकही अवघड अक्षर नाही यात. मला वाचता आलं असतं."

"पोरी," अण्णा कसेबसे म्हणाले, "तुला रडू आलं असतं गं. म्हणून..."

"आलं असतं ना. आईजवळ बसून रडले असते."

एवढं बोलल्यावर मात्र तिचा बांध फुटला. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. अण्णा तिला जवळ घ्यायला पुढे झाले, तर ती मागे सरकली. पुस्तक तिथेच जमिनीवर टाकून निघून गेली.

त्या दिवशी अण्णांनी दारावरची पाटी काढून ठेवली. मग पुढे कितीतरी दिवस ते टाके उसवत बसले. वाघ सुटला, दुष्काळ सुटला, म्हातारा हत्ती सुटला. बायका म्हणाल्या, "अण्णांना काय झालं हो?" अण्णा म्हणायचे, "जे आधी करायला हवं होतं ते करतोय." पण टाके काढले तरी सुईची भोकं राहिलीच. पान उजेडात धरलं की दिसायची. वेणू काही आली नाही. अण्णा रोज शाळा सुटायच्या वेळेला दाराकडे बघत बसायचे. मधल्या कप्प्यासाठी नवी पुस्तकं आणली, ती कोरीच राहिली. म्हाताऱ्याचं मन कशात लागेना. अन् लागावं तरी का?

वर्ष उलटलं. पुढचंही निम्मं सरलं. नामू दुडदुडू लागला.

अण्णा शहरातून परत आले होते. येताना खालच्या कप्प्यासाठी एक कापडी पुस्तक आणलं होतं. एका पानावर एक चित्र, ठळक आणि खरं: घर, चमचा, आजोबा, मग कडेवर मूल घेतलेली आई, आणि गाय. टेबलाशी बसून अण्णा पुस्तक चाळत होते. आईच्या पानाशी ते थांबले. त्यांना नामू आठवला. आज ना उद्या ते पोर इथे येणार, हे पान बघणार. अण्णांचा हात आपोआप खणाकडे गेला. किती काही भोगलं तरी सवय जात नाही हो माणसाची. त्यांनी सुईत दोरा ओवला.

"अण्णा, ते कशाला?"

दारात वेणू उभी होती. उंच झाली होती. कडेवर नामू.

अण्णांनी सुई मुठीत लपवली. "अगं, हा बघेल... आईचं पान आहे. विचारेल तो."

"मग विचारू दे ना," वेणू म्हणाली. "मी आहे की."

तिने पुस्तक त्यांच्या हातून घेतलं. जमिनीवर बसून नामूला मांडीत घेतलं आणि पानं उलटू लागली. घर. चमचा. आजोबा. नामू प्रत्येक चित्रावर पंजा मारत होता. आईचं पान आलं. त्याने चित्रावर बोट ठेवलं आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "मावशी!"

बिचारा काय म्हणणार दुसरं? त्याला कडेवर घेणारी मावशीच तर होती.

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"मावशी नाही, नामू," ती म्हणाली. "ही आई. आपल्याला पण आई होती. ती मेली. तू तिच्या मांडीवर निजायचास."

नामू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग चित्राकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला.

"हो. आई."

त्याने चित्रावर तोंड टेकवलं, ओलं केलं, आणि आपल्याच हाताने पान उलटलं. पुढे गाय होती. "गाय!" नामू ओरडला आणि हसला.

वेणू हसली नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, तसंच तिने त्याला गायीचे डोळे दाखवले, शेपूट दाखवली. अण्णा टेबलाशी बसून तोंडाला उपरणं लावून रडत होते. पुस्तक पाहून झाल्यावर वेणूने ते नामूच्या हातात दिलं आणि अण्णांना विचारलं, "घरी नेऊ का हे?" अण्णांनी होकाराची मान डोलावली. आईच्या पानाला एकही भोक पडलेलं नव्हतं. ती दोघं गेल्यावर अण्णांनी सुईतला दोरा काढला.

सगुणा मात्र तीनदा विचारून गेली होती. ते काही आता उसवता येणार नव्हतं.

तात्पर्य: रांगत्या बाळाला एका वाक्याचं खरं द्यावं, वाचणाऱ्या मुलाला एका पानाचं आणि मोठ्याला पुस्तकभर, पण द्यावं ते खरंच. मूल रडेल म्हणून पान शिवून टाकलं तर त्याचं रडणं टळत नाही, फक्त ते त्याला नंतर एकट्याने रडावं लागतं.